शून्य युरोचं बिल

एवारिस्तो कार्देल्लिनी, वय त्रेपन्न, धंदा अकॉर्डियन दुरुस्ती, याने मार्चमधल्या एका सोमवारी एक काम फुकट करायचं ठरवलं. आमच्या इटलीत माणूस इतका बेसावध क्वचितच होतो. मी त्याचा कर सल्लागार असल्यामुळे नुकसान आटोक्यात ठेवणं माझं कर्तव्य होतं.

काम होतं नगरपालिकेच्या बँडच्या अकॉर्डियनचं. भाता फाटलेला, निम्मे सूर बसलेले. बँड सांभाळते ओर्नेल्ला सान्तारेल्ली, पालिकेची कर्मचारी, नऊ वर्षांपूर्वी विधवा झालेली. सात वर्षं एवारिस्तोचा तिच्यावर जीव आहे आणि सात वर्षांत तो तिच्याशी फक्त हवामानावर बोलला आहे.

"पैसे नको घेऊ, पण बिल पाठव," मी म्हणालो.

"फुल्वियो, लेका, फुकटचं कसलं बिल?"

"शून्याचं. पालिकेने बिलाशिवाय काम करून घेतलं तर चौकशी ओर्नेल्लाच्या मागे लागेल."

तिचं नाव ऐकताच गडी कॉम्प्युटरसमोर बसला. बिल सरकारी यंत्रणेतूनच जातं आणि त्यात तपशिलाचा रकाना सक्तीचा आहे. तिथे आमच्याकडे सगळेच 'ठरल्याप्रमाणे' लिहितात. नळवाला लिहितो, दातांचा डॉक्टर लिहितो, मीही लिहितो. त्यासाठी काही ठरलेलं असावं लागत नाही. एवारिस्तोनेही तेच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ओर्नेल्ला बिलाचा छापील कागद घेऊन त्याच्या दुकानात हजर. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"कार्देल्लिनी, आपलं काय ठरलंय?"

"काही नाही. म्हणजे, वारा सुटलाय आज."

"वाऱ्याचं राहू द्या. उद्या तपासनीस विचारेल, बाई, या माणसाशी तुमचं फुकटात काय ठरलं होतं? तेव्हा मी काय सांगू? खरं कारण लिहून पाठवा."

आधी जुनं बिल रद्द करणं आलं. शून्य रद्द करायला उणे शून्याचं बिल लागतं. यंत्रणेने ते एकदा उणे आहे म्हणून फेटाळलं, एकदा शून्य आहे म्हणून फेटाळलं आणि तिसऱ्यांदा तेच बिल मंजूर केलं.

मग खरं कारण. रकान्यात हजार अक्षरं मावतात. एवारिस्तोने नऊशे सत्त्याण्णव वापरली. त्यात तिचं हसणं होतं, बँडच्या मिरवणुकीत तिने घातलेला हिरवा कोट होता आणि शेवटी सरळ लग्नाची मागणी होती.

"अरे, हे सरकार वाचेल! दहा वर्षं जपून ठेवेल!"

"दहा वर्षं कुणी जपून ठेवावं असं मी आजवर काही बोललोच नाही, फुल्वियो."

माझे डोळे भरून आले. यंत्रणेचे भरले नाहीत. तिने विचारलं, सदर बाब वस्तू आहे की सेवा? त्याने 'सेवा' निवडलं. सेवेचा कालावधी? सुरुवातीची तारीख त्याला तोंडपाठ होती. अखेरची तारीख रिकामी सोडता येईना, म्हणून त्याने ३१ डिसेंबर २०९९ टाकली. बिल गेलं.

आता पालिकेला पंधरा दिवस. ओर्नेल्लाने 'स्वीकृत' दाबायचं किंवा 'नामंजूर'. मधल्या काळात बिलाला आवक क्रमांक पडला, म्हणजे आवक कारकुनाने ते वाचलं, म्हणजे गावाने वाचलं. पाववाली विचारायची, "आलं का उत्तर?" पाद्रीबुवांनी चर्च कोणकोणत्या रविवारी मोकळं आहे ते कळवलं. एवारिस्तोने आपले लाडके तळलेले ऑलिव्हसुद्धा सोडले. ओर्नेल्ला मात्र दुकानासमोरून जायची, नुसती मान हलवायची.

सोळाव्या दिवशी यंत्रणेचा संदेश आला. 'मुदत संपल्यामुळे स्वीकृत मानण्यात येत आहे.'

एवारिस्तो मला घेऊन तडक पालिकेत गेला. "बाई, याला मी होकार समजू?"

"नामंजूरचं बटण पंधरा दिवस समोर होतं. दाबलं का मी?"

"मग दुसरं का नाही दाबलंत?"

"त्याला नवा पासवर्ड लागतो हो! चार वेळा प्रयत्न केला. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, खूण हवी. वैताग आला. म्हटलं, जाऊ दे, आपोआप होईल." आणि ती अशी हसली की आवक कारकुनानेही टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये लग्न झालं. मी घरी येऊन बायकोला हा किस्सा पोट धरून हसत सांगितला. शेवटी विचारलं, "आणि तू कधी हो म्हणाली होतीस गं मला?"

ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "नाही कुठे म्हटलं?"

तुम्हीही हसत असाल. हसा. आणि हसून झालं की शेजारच्या खोलीत जाऊन तोच प्रश्न विचारून या.