काम बाकी, भरीत बंद!

माणसांकडून काम करून घेणं ही कला आहे आणि ती मला उपजतच आहे! हे मी बायकोला, म्हणजे सारिकाला, ठणकावून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "हं," एवढंच म्हणाली.

विहीर सामाईक असेल तर आज पाण्याची पाळी कोणाची, हे मोबाईलवर दाखवणारं एक अॅप आम्ही बनवत होतो. ओपन सोर्स! म्हणजे कोड सगळ्यांना खुला, हौस असेल त्यानं काम करावं आणि पगाराचं नाव काढू नये. धुळ्याचा कुंदन, पाचोऱ्याची ऋतिका, जामनेरचा भूपेंद्र, सगळे नोकऱ्या, परीक्षा सांभाळून राबणारे. आणि जळगावात बसून "झालं का?" विचारणारा मी!

माझे सासरे, सावद्याचे गिरधर आबा, विहिरीच्या भागीदारांना सांगून बसले होते, "आमच्या जवायानं बनवलं हाये, रविवारी दाखवतो." सासरवाडीत माझी अब्रू पणाला लागली आणि इकडे अॅप ढिम्म! कुंदनला फोन करावा तर एकच उत्तर, "भाऊ, बठ्ठं व्हई जाई!" म्हणजे सगळं होऊन जाईल. कधी, ते मात्र गुलदस्त्यात.

मग मी जालीम उपाय काढला. रविवारी आबांच्या मळ्यात भरीत पार्टी! आणि ग्रुपवर नियम टाकला: शनिवार संध्याकाळनंतर ज्याच्या नावावर काम बाकी, त्याला भरीत बंद!

ऐन हिवाळ्यात खानदेशी माणसाला भरीत बंद! फाशीची शिक्षा तरी बरी म्हणायची.

शनिवारी कामांची यादी बघतो तर काय, कुंदनच्या नावावर शून्य काम! ऋतिका शून्य! भूपेंद्र शून्य! मी खुर्चीतच नाचलो. अॅप उघडून बघायचंही भान राहिलं नाही. आबांना फोन लावला, "सगळं तयार!"

रविवारी मळ्यात कपाशीच्या काड्या पेटल्या, सारिका वांगी भाजायला बसली. भागीदार खाटांवर टेकले, कुंदन, ऋतिका, भूपेंद्र भरिताच्या वासावर जाळाभोवती. मी ऐटीत मोबाईल काढला आणि अॅप उघडलं. आज पाळी कोणाची? छगनभाऊंची. आबांचीही. सगळ्यांचीच!

"म्हंजे भांडन लावाचं यंत्र हाये हे!" छगनभाऊ म्हणाले.

"कुंदन! पाळीचं काम तुझं होतं ना?"

"माझ्या नावावर नाही, भाऊ. भूपेंद्रच्या नावावर टाकलं."

"मी ऋतिकाच्या," भूपेंद्र म्हणाला.

ऋतिका पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटली, "मी सारिका वहिनींच्या."

सारिकाच्या! अॅपच्या पहिल्या पानासाठी तिनं केळीच्या घडाचा एक फोटो दिला होता, म्हणून तिचंही नाव आमच्यात होतं. सगळ्यांची सगळी कामं तिच्या नावावर जाऊन पडली होती!

सारिका धुरातून डोळे पुसत उठली. "म्हणजे मला भरीत बंद?"

आबा ताडकन उभे राहिले. "माह्या पोरीले, माह्याच मळ्यात, भरीत बंद? कोनी काढला हा नेम?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ज्यांना नियम आत्ताच कळला होता, त्या छगनभाऊंनीसुद्धा!

सारिकानं हात धुतले. "कुंदनभाऊ, खरं सांगा, किती जमेल?"

कुंदन गांगरला. "वहिनी, एकच काम. भाऊ रोज 'कधी' विचारतात. 'किती जमेल' कोणी विचारलंच नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋतिकाला परीक्षेनंतर एक जमणार होतं. पाळीचं काम भूपेंद्रनं घेतलं, पण उन्हाळा उजाडेल म्हणाला. "उजाडू दे," सारिका म्हणाली आणि उरलेलं सगळं माझ्या नावावर टाकून मोकळी झाली!

जेवायला बसलो. जावई तो जावई, आबांनी केळीच्या पानावर पहिलं भरीत मलाच वाढलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पोटभर जेवा, पाव्हने," आबा गोड आवाजात म्हणाले. "पन उन्हाळ्यापावतर पाळी कोन सांगनार? तुम्हीच सांगत जा!"

तेव्हापासून रोज पहाटे भागीदारांचे फोन येतात, "जवाई, आज कोनाची पाळी?" मी अंथरुणातूनच सांगतो. छगनभाऊ तर गावभर सांगत सुटलेत, की जवाई एकदम बेस्ट चालतात, फक्त सुरू व्हायला जरा वेळ लावतात!