नाना बोरसेंचा कबड्डीचा हंगाम

आमच्या मुलींची चढाई सुरू झाली की नाना बोरसे श्वास घेणं बंद करतात.

हे मी गंमत म्हणून वाढवून सांगत नाही. अमळनेरच्या आमच्या कॉलेजची मुलगी 'कबड्डी, कबड्डी' म्हणत मध्यरेषेपलीकडे गेली की प्रेक्षकांत बसलेले नानाही दम धरतात. ओठांतल्या ओठांत 'कबड्डी, कबड्डी' पुटपुटत राहतात आणि ती परत येईपर्यंत सोडत नाहीत. चढाई लांबली की नाना आधी लाल होतात, मग जांभळे. एकदा जळगावच्या सामन्यात शेजारच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. त्यांनी बाटलीतलं पाणी सपकन नानांच्या तोंडावर मारलं. नानांचा दम सुटला आणि नेमकी त्याच वेळी आमची मुलगी पकडली गेली. नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बाईंना शांतपणे म्हणाले, "केलीत ना तिला बाद?"

बाई पुढचा सगळा सामना अपराधी चेहऱ्यानं बसून होत्या.

नाना माझे शेजारी. वय सत्तरीपुढे, अंगानं काटक, डोक्यावर पांढरी टोपी. उभी हयात त्यांनी तेलाच्या गिरणीत काढली. ज्या कॉलेजसाठी ते जीव टाकतात, त्या कॉलेजात ते एक दिवसही शिकलेले नाहीत. मॅट्रिकच्या गणितानं त्यांची टांग धरली ती सोडलीच नाही. पण गिरणीतून घरी जायच्या वाटेवर कॉलेजचं मैदान लागायचं. एका संध्याकाळी कुंपणाला सायकल टेकवून ते मुलींची कबड्डी बघत उभे राहिले.

"ते अजून घरी आलेले नाहीत," असं त्यांची बायको, कमलअक्का, सांगते.

घरात ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती दोघं बोलत नाहीत आणि गल्लीत कुणी विषय काढत नाही. अक्का बोलते ती शर्टाबद्दल. संघ जिंकला की त्या दिवशी अंगात असलेला शर्ट नाना धुवू देत नाहीत. पुढच्या सामन्याला तोच. त्या सामन्यातही जिंकलो, तर पुन्हा तोच. हरल्यावरच तो शर्ट पाणी बघतो. एका वर्षी संघ जिंकतच सुटला, तेव्हा अक्का मला म्हणाली, "संजूभाऊ, तुमच्या कॉलेजचं वाईट चिंतत नाही मी. पण एकदा तरी हरा रे बाबा. मला त्या खोलीत झोपायचंय."

लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, नानांचं पोळ्याला. पोळा झाला की कॉलेजच्या मैदानावर संघाची निवड सुरू होते आणि नाना सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी. एरवी बँकेत, बाजारात ते आपल्यासारखंच मराठी बोलतात; कबड्डी निघाली की अहिराणीवर येतात, आणि तेही शेतातल्या. नव्या मुली बघितल्या की म्हणतात, "यंदा बियानं बेस शे," म्हणजे बियाणं चांगलं आहे. सराव कमी पडला तर "निंदणी राह्यनी." पहिला विजय म्हणजे पहिली वेचणी. पंचानं आमच्याविरुद्ध शिट्टी वाजवली की नाना एवढंच म्हणतात, "बोंडअळी." पंच कोणीही असो, नानांच्या लेखी तो कपाशीवरचाच.

या हंगामात मी कसा ओढला गेलो, तेही सांगतो. माझ्याकडे मोटारसायकल आहे. नाना एकदा सकाळी दारात येऊन म्हणाले, "संजू, तुझी गाडी आपल्या संघात शे." मी विचारलं, "आणि मी?" ते म्हणाले, "तू राखीव." तेव्हापासून दर वर्षी बँकेतल्या माझ्या बऱ्याचशा रजा कबड्डीच्या नावावर जमा होतात. साहेब विचारतात, "आजारी कोण आहे?" मी खरं तेच सांगतो, "शेजारी."

नानांची आणखी एक पद्धत आहे. मुलींना नावानं हाक मारून ओरडायचं नाही. लेकीबाळींची नावं चारचौघांत पुकारू नयेत, असं त्यांचं मत. म्हणून ते गावाच्या नावानं ओरडतात. जी मुलगी ज्या गावची, ते तिचं नाव. "रावेर, पाय मागं! चोपडा, मधे ये! पिंपळनेर, कोपरा सांभाळ!" न पाहणाऱ्याला वाटावं, बसस्टँडवर गाड्या लागल्यात.

या पद्धतीनं एकदा मोठा घोटाळा केला. सामना पिंपळनेरलाच होता, तिथल्याच कॉलेजशी. आमची डाव्या कोपऱ्याची मुलगी पिंपळनेरकडची. नाना उठून ओरडायला लागले, "पिंपळनेर, धर तिले! टांग धर, पिंपळनेर!" तिथल्या लोकांना भरून आलं. पाहुणा एवढ्या लांबून येतो आणि आपल्या गावाचा जयजयकार करतो. त्यांनी नानांना हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, वर भजी. नाना चहा पीत, भजी खात "पिंपळनेर, पिंपळनेर" करत राहिले आणि मंडळी टाळ्या वाजवत राहिली. मग पिंपळनेर कॉलेजची हुकमी चढाईपटू आमच्या मुलीनं घोट्याला धरून आपटली आणि नाना खुर्चीवर उभे राहून नाचले. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

एक मिशीवाले गृहस्थ जवळ आले. म्हणाले, "आबा, तुम्ही नक्की कोणाचे?"

"अमळनेरचा."

"मग भजी कसली खाता आमची?"

नानांनी उरलेलं भजं त्यांच्या पुढे धरलं. म्हणाले, "अर्धं खाल्लं शे. चालंल का?" ते गृहस्थ हसले म्हणून आम्ही सुखरूप परत आलो.

कॉलेजनं एकदा त्यांना सामन्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. शाल, नारळ, मंडपातली गुबगुबीत खुर्ची. कबड्डीचे सर स्वतः घरी आमंत्रण घेऊन आले. नाना बराच वेळ विचार करून म्हणाले, "सर, पाहुण्याला दोन्हीकडून टाळ्या वाजवाव्या लागतात. ते काम मला जमणार नाही." आणि त्या दिवशी ते नेहमीसारखे मातीत बसले, गुबगुबीत खुर्चीच्या बरोबर समोर, म्हणजे खऱ्या प्रमुख पाहुण्यांना सामना दिसू नये अशा बेतानं.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी झाली.

यंदा संघात वैशाली होती. रावेरकडची पोर. वडील केळीच्या ट्रकवर, आई केळी भरायच्या कामाला. उंची बेताचीच, पण चढाईला गेली की पारा सांडल्यासारखी हातातून निसटायची. नाना तिला बघून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "संजू, या वर्षी कापूस घरात मावाव नही." आणि तसंच होत गेलं. संघ एकामागून एक सामने जिंकत गेला, नानांचा शर्ट उभा राहू लागला, आणि आम्ही धुळ्याला उपांत्य फेरीला पोचलो. तिथं जिंकलो तर दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. आमच्या मुलींनी अंतिम सामना खेळलेला नानांनी कधी पाहिला नव्हता. कुंपणाला सायकल टेकवल्यापासून कधीच नाही.

उपांत्य सामना आम्ही जिंकला, पण शेवटच्या चढाईत वैशाली मध्यरेषेवर पडली. हात रेषेच्या अलीकडे पोचला, गुण मिळाला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वैशाली मात्र उठली नाही. गुडघा धरून तशीच पडून होती. सगळं मैदान ओरडत असताना पहिल्यांदा तिच्याकडे धावले ते नाना. मी त्यांना तोवर कधी मैदानाच्या रेषेच्या आत पाय टाकताना पाहिलं नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात नेलं. गुडघा चांगलाच दुखावला होता. हाड शाबूत होतं, पण पाय हलवायचा नाही, दोन-तीन दिवस इथंच. संघाबरोबरच्या मॅडम तिच्याजवळ थांबल्या. तिच्या घरी फोन लावला. वडील माल घेऊन पार उत्तरेत गेलेले. आई म्हणाली, सकाळची पहिली गाडी पकडते. पण रावेरहून धुळं म्हणजे गाड्या बदलत यायचं. पोचायला दुपार टळणार होती.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना दुपारी. मुलींच्या संघाबरोबर मैदानावर बाई शिक्षिका हवीच, त्यामुळे मॅडमना जाणं भाग. सकाळी नाना आणि मी दवाखान्यात गेलो. दारातल्या सिस्टरनं नानांना विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

नाना जरा गोंधळले. मग म्हणाले, "प्रेक्षक."

सिस्टर हसली, मीही हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

वैशाली खाटेवर पडून होती. पायाखाली उशा, डोळे सुजलेले. "दुखतंय का?" मी विचारलं. ती म्हणाली, "गुडघ्याचं काही नाही. फायनल गेली." नाना खाटेजवळच्या स्टुलावर बसले. तिला म्हणाले, "फायनल कुठं जात नाही. पाय जातो. पाय सांभाळ." मग पिशवीतून मोसंबी काढली आणि सोलत बसले. नानांना मोसंबी सोलता येत नाही. अर्धी त्यांच्या शर्टावर सांडली. वैशाली त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुपारी मॅडम मैदानाकडे गेल्या. आम्हीही उठलो. वैशालीच नानांना म्हणाली, "जा नाना. मी काय लहान आहे का? आई येईलच. तुम्ही नसलात तर पोरींसाठी ओरडायला कोण आहे?" नानांनी टोपी नीट केली. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, सिस्टरला दोनदा सांगून आले, आणि माझ्या मागं गाडीवर बसले.

आम्ही कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत गेलो असू. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संजू, थांब."

मी गाडी बाजूला घेतली. "काय राहिलं?"

"पोर एकटी शे."

"नाना, सिस्टर आहेत की."

"सिस्टर बठ्ठासनी शे, सगळ्यांची," नाना म्हणाले. "तिनी कोन शे?"

मी म्हणालो, "नाना, अंतिम सामना आहे. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो. तिची आई येईलच तासाभरात. तीच म्हणाली ना तुम्हाला, जा म्हणून?"

"म्हणाली. पण मी उठलो तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं."

ते गाडीवरून उतरले. मग जाता जाता वळून म्हणाले, "तू जा. आणि तोंड मिटून बसू नको. ओरड."

मी बँकेत काम करणारा माणूस. घरात टीव्हीचा आवाज वाढवायचा तर आधी विचारतो. त्या दिवशी मात्र धुळ्याच्या त्या मैदानावर मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. "चोपडा, मधे ये! पिंपळनेर, कोपरा!" मुली माझ्याकडे वळून वळून बघत होत्या, त्या नानांना शोधत होत्या. सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटच्या मिनिटाला समोरची चढाईपटू आमच्या कोपऱ्यात शिरली आणि पिंपळनेरनं तिचा घोटा धरला. सगळ्याजणी तिच्यावर कोसळल्या. पंचांची शिट्टी आमच्या बाजूनं वाजली. आम्ही जिंकलो होतो.

मी बक्षीस समारंभाला थांबलो नाही. गाडी काढली आणि दवाखान्यात आलो.

वैशाली झोपली होती. तिच्या पायाखालची उशी सारखी सरकत असावी, कारण नाना स्टुलावर वाकून दोन्ही हातांनी ती धरून बसले होते. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. मान अवघडलेली दिसत होती. तिची आई अजून पोचली नव्हती. बस वाटेत बंद पडली होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, "नाना, जिंकलो."

"हळू बोल," ते म्हणाले. "आताच डोळा लागलाय तिचा."

मला वाटलं, विचारतील. किती गुणांनी, कोणी पकडलं, शेवटी काय झालं. पण ते एवढंच म्हणाले, "उठली की तूच सांग तिला. सगळं सांग. मी पाहिलं नाही, माझ्याकडून चुकेल."

मी उशी धरायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही.

तेवढ्यात दुपारपाळीची नवी सिस्टर दारात आली. तिच्या हातात औषधाची चिठ्ठी होती. तिनं खोलीभर नजर टाकली आणि विचारलं, "वैशालीचे आजोबा कोण?"

खोलीत आणखी दोन पेशंट होते, त्यांची माणसं होती. नानांनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. मग उशी हलकेच माझ्या हातात दिली, टोपी नीट केली आणि उठून उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.