स्टोव्हच्या बाटलीतली राकिया

सोफियाच्या विमानतळावर ओग्न्यानच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा विमान सुटायला चाळीस मिनिटं उरली होती. नॉर्वेच्या डोंगरांत पायी भटकायचं त्याचं अकरा वर्षं लांबणीवर पडलं होतं. या खेपेला त्याने सगळे नियम पाठ केले होते. तंबूचे खुंटे धुतले, पाठपिशवीचे पट्टे आत खोचले, स्टोव्हच्या इंधनाची बाटलीसुद्धा नवी कोरी घेतली, ती तिथे पोचल्यावर भरायची म्हणून. तीच लाल बाटली आता तपासणीच्या टेबलावर उभी होती.

"रिकामी म्हणून लिहून दिलीत," अधिकारी बिसेरा म्हणाली. "ही तर काठोकाठ भरलीय!"

ओग्न्यानने झाकण उघडून वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसला. जर्दाळूची राकिया! काल सासरेबुवा पिशवीभोवती घुटमळत होते. रिकामं भांडं घराबाहेर पाठवणं त्यांच्या जिवावर येतं.

"घरची दारू आहे हो. ओतून टाका."

"इथे? पेट घेणारं काहीही इथे ओतायला मनाई आहे."

"मग बाटलीच ठेवून घ्या."

"मग पंचनामा. दोन तास. सत्तर टक्क्यांच्या आतली असेल तर जाऊ देते. गाळणाऱ्याला विचारा, माझ्यासमोर."

ओग्न्यानने फोन लावून स्पीकर चालू केला. सासरे स्तामेन गावच्या दुकानात दोस्तमंडळींत बसले होते.

"बाबा, राकिया किती टक्क्यांची?"

"पंच्याहत्तर! पंचक्रोशीत दुसरी दाखव!"

बिसेराने पिशवीला लावायची लाल चिठ्ठी उचलली.

"बाबा, नीट आठवा," ओग्न्यान थकून म्हणाला. "सत्तरच्या वर असेल तर मी परत येतोय. सुट्टीभर तुमच्याकडेच."

तीस वर्षं म्हाताऱ्याने त्याच आकड्यावर मिशीला पीळ दिला होता.

"पंचेचाळीस," ते पुटपुटले.

"ऐकू येत नाही, आजोबा," बिसेरा म्हणाली.

"पंचेचाळीस! झालं समाधान?"

मागे अख्खं दुकान खदखदून हसलं. पिशवी विमानात गेली.

उतरल्या उतरल्या निरोप आला : 'जावई, तुझ्यासाठी खोटं बोललो. पंच्याहत्तरच आहे. पेटवून फोटो पाठव. दुकानात तोंड दाखवायची सोय उरली नाही.'

तिसऱ्या दिवशी, पावसात चालून मोडलेला ओग्न्यान तंबूत झाकणभर राकिया घेऊन काड्या ओढत बसला. नऊ काड्या राकियाला लागताच विझल्या. दहावीही विझली. त्याला म्हाताऱ्याची फार दया आली.

त्याने झाकण पिऊन टाकलं, शेजारच्या तंबूपाशी गेला आणि तिथल्या जर्मन बाईंच्या स्टोव्हच्या ज्वाळेचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, 'लांबून काढलाय, बाबा. तरी भुवई भाजली.'