विमलकाकूंचा धबधबा

आमच्या शेजारच्या विमलकाकू पाठीवर पाच किलो सोयाबीन घेऊन फिरायला जायच्या. नातीची जुनी निळी सॅक, साडीखाली ट्रॅकपँट, पायात पांढरे बूट. भोकरदनच्या बसस्टँडपर्यंत जायचं आणि परत यायचं. कुणी हटकलंच तर, "सराव करून राह्यले."

एकदा जाफराबादच्या जीपवाल्यानं त्यांच्याजवळ गाडी थांबवली.

"बसा मावशी. कुठं उतरायचं?"

"धबधब्याला."

"तिकडं आपली गाडी जात न्हाई."

"मंग थांबवली कशाला?"

याला कारण मी. आम्ही काही शिक्षक दर पावसाळ्यात कुठल्यातरी जंगलात जातो. यंदा आंबोलीच्या बाजूचं एक घनदाट रानातलं गाव ठरलं होतं. सकाळी पाठीवर पिशव्या मारून निघायचं, धबधबा बघायचा, गावात जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. हे बोलणं मी अंगणात करत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, यंदा मी बी."

ती विचारणा नव्हती, सूचना होती. काकूंचं वय साठीच्या पुढं. मी चढ सांगितला, घसरण सांगितली, जळवा सांगितल्या.

"तिथं ऊन खाली येतच न्हाई म्हणे?"

"नाही. झाडंच इतकी आहेत."

"बास. आपल्याकडचं ऊन म्हंजे पाव्हणा. आला की उठतच न्हाई. मी येणार, बिलकुल येणार."

डॉक्टरांनी गुडघ्यांची आठवण करून दिली. "गुडघे माझे हायत," काकू म्हणाल्या. पुण्याहून मुलीचा फोन आला, "आई, अगं वय बघ तुझं." काकू म्हणाल्या, "बघितलं. आता धबधबा बघते." आणि फोन ठेवला.

रात्रभराच्या प्रवासानंतर आम्ही रानाच्या तोंडाशी उतरलो. धुकं, चिखल, शेवाळ, आणि पानांवरून टपटपणारं पाणी. काकू मान वर करून चालत होत्या, त्यामुळं दोनदा माझ्या अंगावर आदळल्या. पहिली जळू जाधव सरांच्या पोटरीला लागली. एवढा धिप्पाड माणूस, पण एका पायावर उड्या मारायला लागला. काकूंनी सॅकमधून मिठाची पुडी काढली, चिमूटभर टाकली, जळू गळून पडली. "येवढीशी तर हाय बिचारी. तुम्ही केवढे!"

खरी अडचण पुढं होती. धबधब्याच्या अलीकडं एक ओढा फुगला होता. ओलांडायला त्यात एकच लांबट, निसरडा खडक. जाधव सर आमचे म्होरके. त्यांनी निर्णय दिला, "काकू, तुम्ही इथंच थांबा. आम्ही बघून येतो."

"काय बघून येता? माझ्या वाटचं?"

"पाय घसरला तर?"

काकूंनी खडकाकडं नीट बघितलं. "उभं राहिलं तर घसरंल ना? बसल्यावर कसा घसरंल?"

आणि त्या बसल्या. साडी खोचली आणि बसल्या बसल्याच, हातांवर जोर देत, एकेक वीत पुढं सरकत निघाल्या. मी पाण्यात उतरून त्यांच्या बाजूनं चालत होतो. मधेच दोन्ही हात सुटले. मी दंड धरला तशा ओरडल्या, "धरू नका, मी करून राह्यले बराबर!" पलीकडं पोचल्यावर मात्र त्यांनीच माझा दंड घट्ट धरला. मग एक एक करून आम्ही सगळे बसूनच गेलो, जाधव सरसुद्धा.

धबधब्यापुढं काकूंनी मान वर केली. तुषारांनी चष्मा पांढरा झाला तरी पुसला नाही. तशाच उभ्या राहिल्या, आम्ही हाका मारेपर्यंत.

जेवण गावातल्या एका घरी होतं. रांधणाऱ्या बाई काकूंच्याच वयाच्या, घरात एकट्या, मुलगा गोव्याला नोकरीला. बाकीचे जेवून गाडीकडं गेले. काकू सावकाश जेवत होत्या, म्हणून मी थांबलो. दाराशी बसलं तरी पाण्याचा आवाज येत होता.

काकूंनी विचारलं, "रात्री बी येतो का हा आवाज?"

"येतो की. रात्रभर."

"झोप लागती मंग?"

"त्याच्यामुळंच लागते. उन्हाळ्यात पाणी आटतं, तेव्हा डोळ्याला डोळा लागत नाही."

काकूंनी घास उचलला. मग हळूच म्हणाल्या, "आमचे हे लई घोरायचे. रोज भांडले मी त्यावरून. एकदा तर उशी घेऊन माजघरात गेल्ते." घास हातातच राहिला. "आता घर इतकं गप असतं ना, बाई."

त्या बाई उठल्या. पातेलं घेऊन आल्या आणि न विचारता काकूंच्या ताटात भात वाढला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी उठायला लागलो.

"थांबू द्या गाडीला," काकू म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.