परकारचाचा आणि बर्फ उडवायचं मशीन

परकारचाचांसमोर 'खलास' हा शब्द काढायची सोय नव्हती. जो काढेल त्याला ते त्या बिघडलेल्या वस्तूसमोर उकिडवं बसवत, हातात बॅटरी देत आणि म्हणत, "धरा. खलास कुठं झालंय ता मला दाखवा." मग तासभर सुटका नाही. आता जेद्दात हा शब्द माणूस दिवसातून शंभरदा ऐकतो. चहा संपला, खलास. ड्यूटी संपली, खलास. त्यामुळे चाचांपुढे बॅटरी धरून बसलेला कोणी ना कोणी कायम असायचाच. मी स्वतः तिथं लागल्याच्या पहिल्याच दिवशी बसलो होतो.

तिथं म्हणजे एका मॉलमधल्या बर्फाच्या बागेत. मोठा बंदिस्त हॉल, आत यंत्रानं पाडलेला बर्फ आणि मुलांना घसरायला एक उतार. बाहेर बेचाळीस डिग्री, आत उणे चार. मी स्टोअरकीपर, चाचा मेंटेनन्सला. गुहागरकडच्या खाडीकाठचे, साठी ओलांडलेले. दिवसातून वीसदा आत-बाहेर करावं लागायचं, म्हणून ते लोकरीची कानटोपी कधी काढतच नसत. भर दुपारी पार्किंगमध्ये घामाच्या धारा लागलेल्या आणि डोक्यावर कानटोपी. कोणी हसलं तर सांगत, "कानांना एका हवेची सवय झालीय. त्यांना गोंधळात टाकायचं नाय."

त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, "ताकद कुठवर येते ती बघा." मशीन असो की माणूस, दोष शोधायची त्यांची तऱ्हा एकच. माझ्या इकाम्याचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण रखडलं तेव्हा ते माझ्याबरोबर ऑफिसात आले आणि टेबलाटेबलाला विचारत फिरले, "इथवर ताकद आली? आली. पुढं?" चौथ्या टेबलावर, सुट्टीवर गेलेल्या कारकुनाच्या कपाखाली माझा कागद सापडला.

तर या बागेत एक मशीन होतं. मुलं घसरून घसरून सगळा बर्फ उताराच्या तळाशी आणतात. तो गिळून पुन्हा वर फेकणारं. थंड देशांत रस्त्यांवरचा बर्फ उडवायला असतं तसलंच. बंद हॉलमध्ये धूर नको म्हणून इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवलेली, एवढाच फरक. एके सकाळी हे मशीन बर्फ तर झकास उडवायला लागलं, पण जागचं हलेना. चाकं ढिम्म. दोन माणसं मागून ढकलतायत आणि मशीन एकाच खड्ड्यात तोंड घालून बसलंय.

आमचा मॅनेजर लेबनॉनचा, कडक इस्त्रीचा सूट घालणारा. तो दारातूनच म्हणाला, "खलास. नवीन मागवा." नव्या मशीनबरोबर त्या कंपनीचीच माणसं देखभालीला येणार होती. म्हणजे चाचांची गरज संपणार. मॅनेजरनं तेही लगेच सांगून टाकलं. महिनाअखेर चाचांचे परतीचे कागद तयार होतील.

चाचांनी कानटोपी नीट केली. मॅनेजरला ते अरबीतच 'मुदीर' म्हणत. "मुदीर, माझा कागद करायचा तर करा. मशीनचा करू नका. ता अजून बोललं नाय खलास."

वर्कशॉपमध्ये त्यांनी मशीन नाकावर उभं केलं आणि पोटाचा पत्रा खोलला. बॅटरी अर्थातच माझ्याकडे. "मोटर फिरते? फिरते. पट्टा? फिरतो. ही थाळी? फिरते." ॲल्युमिनियमची गुळगुळीत थाळी. तिच्यावर काटकोनात टेकलेलं एक छोटं चाक, त्याला रबराची कडा. थाळी फिरली की घासून चाक फिरतं आणि पुढं साखळीनं मोठी चाकं फिरतात. चाक थाळीच्या मध्याकडे सरकवलं की मशीन हळू चालतं, कडेला नेलं की जोरात.

"म्हणजे दातेवाले गियर नाहीत?"

"नाय. नुसतं दोघांनी एकमेकांना धरून ठेवायचं. संसार हाय हा."

रबराची कडा घासून काचेसारखी झाली होती. ताकद थाळीपर्यंत येत होती आणि तिथंच घसरत होती. तसं रबर मिळायला दोन महिने लागणार होते. चाचांनी भंगारातून सामान वाहायच्या पट्ट्याचा तुकडा आणला, सुरीनं गोल कापला, कानशीनं घासला आणि चाकाला बोल्टांनी आवळला. वर्कशॉपमध्ये मशीन नव्या नवऱ्यासारखं ऐटीत चाललं. आम्ही टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये नेलं, ते दहा पावलं गेलं आणि थांबलं.

"आता तरी खलास?" मॅनेजर म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा उलट्या क्रेटवर बसले, थेट बर्फात. पत्रा उघडा, नजर थाळीवर. मी दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तो त्यांच्या हातात गार झाला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते ओरडले, "मुदीरला बोलवा!"

मॅनेजर आला. चाचांनी त्याला सुटासकट बर्फात उकिडवं बसवलं आणि हातात बॅटरी दिली. "काल बोललात ना? धरा." मग त्याचंच बोट धरून थाळीवर फिरवलं. बोटाला पांढरी साय लागली. गोठलेलं दव!

"बाहेरची हवा अंगावर समुद्र घेऊन फिरते," चाचा म्हणाले. "तुम्ही मशीन रोज गरम गोडाऊनमध्ये ठेवता. सकाळी आत आणलं की पोटात कोंडलेली ती दमट हवा गार पडते, थाळीला घाम फुटतो आणि तो गोठतो. त्याच्यावर रबर घसरणार नाय तर काय? रोग मशीनमध्ये नाय. रोग तुमच्या दारात हाय."

हॉलच्या दोन दारांमधल्या थंड खोलीत मशीन ठेवा, एवढीच त्यांची मागणी. तिथं पाहुण्यांची जॅकेटं असतात, मॅनेजर म्हणाला.

"जॅकेटं गोडाऊनमध्ये टाका. जॅकेटांना थाळी नसते."

चाचांनी थाळी कोरडी पुसली, रबर खरवडून घेतलं आणि मशीन त्या थंड खोलीत हलवलं. सकाळी ते एकटंच गुरगुरत उतार चढून गेलं. मॅनेजर दिलदार निघाला. नव्या मशीनची मागणी त्यानं रद्द केली, चाचांचे परतीचे कागद थांबवले आणि वर दोन महिन्यांची सुट्टी, येण्याजाण्याच्या तिकिटासह, देऊ केली.

"नको," चाचा म्हणाले. तेही ताठ्यात.

मला राहवलं नाही. चार वर्षं माणूस घरी गेलेला नाही! कँटीनमध्ये मी त्यांना गाठलं.

"चार वर्षांमागं गेलेलो ना," ते बशीकडे बघत म्हणाले. "बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी. पोरांनी घर नवीन बांधलंय, झकास. सकाळी उठून पंपाकडं गेलो. पोरगा म्हणाला, अब्बा, तुम्ही बसा, माणूस येईल. नळाला हात लावला, अब्बा, बसा. पंधरा दिवस नुसता बसलो. सोळाव्या दिवशी तिकीट काढलं." त्यांनी चहा संपवला. "तिकडं काय बिघडलेलं नाय, सावंत."

मी म्हणालो, शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कामाशिवाय ते कोणाच्या घरी जात नसत.

शुक्रवारी सकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि मिक्सर उलटा केला.

"अहो, काय करताय? चांगला चालतोय तो!" बायको म्हणाली.

"तेच तर," म्हणत मी खालचा एक स्क्रू सैल केला आणि चाचांना फोन लावला.

अर्ध्या तासात ते हजर. पिशवीतून हत्यारं काढली, चष्मा लावला, मिक्सर उलटा केला. स्क्रूवरचा ताजा ओरखडा त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"वैनी," ते बैठक मारत म्हणाले, "मोठं काम हाय. दोन-तीन तास सहज लागतील."