बाबीकाका आउट

आमच्या परळच्या चाळीतल्या बाबीकाका परबांना रांगेत कुणाचा धक्का लागला, की ते उजवा हात सरळ वर करतात, "मी आउट" म्हणतात आणि रांग सोडून बाजूला उभे राहतात. मग ती रांग मासळीची असो, दवाखान्याची असो, नाहीतर लग्नातल्या जेवणाची. आता मुंबईत धक्का न खाता रांगेत उभं राहायचं म्हणजे पाण्यात उतरून कोरडं राहायचं. त्यामुळे काका बहुतेक लग्नांतून उपाशीच परततात.

बरं, एवढ्यावर भागत नाही. कबड्डीत आपल्या संघाला गुण मिळाला की बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. म्हणून पुढे आमच्या चाळीतल्या कुणाला पापलेट मिळालं, की काका "मी जिवंत" म्हणत आपल्या जुन्या जागी घुसतात. मग जी भांडणं होतात ती निस्तरायला मी, चाळीचा सेक्रेटरी. माझी बायको म्हणाली, "अहो, धक्का मारणारा पुढे आणि खाणारा मागे, हा कुठला न्याय?" मी जाऊन काकांना विचारलं. ते म्हणाले, "न्याय पंचांनी बघूचो. आपण शिटीच्या आधी हात वर करूचो." मला काही कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

"शिटीच्या आधी" हे त्यांचं पालुपद. तरुणपणी ते गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. अंगाला हात लागला असेल, तर पंचाला दिसो न दिसो, गड्याने आपणहून बाहेर जायचं, हा त्यांचा धर्म. मी सेक्रेटरी म्हणून निवडून आलो तेव्हा गळ्यात हार पडतोय न पडतोय तोच काकांनी हात वर केला आणि भर सभेत सांगितलं, की मी काही यांना मत दिलेलं नाही. कुणी विचारलं होतं का?

मंडळाच्या खोलीत टीव्हीसमोर पोरं वाद घालतात, खरा मोठा खेळाडू कोण. कुणी धावा मोजतो, कुणी पदकं, कुणी फॉलोअर्स. काकांचा प्रश्न एकच, "हात वर केल्यान काय?" एकदा आपल्या फलंदाजाला पंचांनी नाबाद दिलं, तरी तो पठ्ठ्या बॅट काखेत मारून चालू लागला. सामना गेला. पोरं तोंडं पाडून बसली आणि काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार! हरल्याचे पेढे खायचे की नाही यावरून आमच्या घरात दोन तट पडले. मी खाल्ला, पण दार लावून.

तन्वी ही काकांची नात. आई-बाप लवकर गेले, काकांनीच तिला वाढवली. वेण्या घालायला ते माझ्या बायकोकडून शिकले. पोरगी कबड्डीत तयार झाली, तीही चाळीसमोरच्या मैदानात, काकांच्या हाताखाली. यंदा मंडळाच्या स्पर्धेत तिचा संघ अंतिम फेरीत पोचला आणि एका बँकेची माणसं सामना बघायला येणार असं कळलं. खेळाडूंच्या कोट्यातून एकच मुलगी नोकरीला घ्यायची होती. त्या आठवड्यात गॅलरीत काका मला हळूच म्हणाले, "माझ्या मागे हिचा कसा होतला?" त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी संध्याकाळी मी आणि काका रेषेला लागून बसलो होतो. सामना बरोबरीत, शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांच्या मुलीने पाय मारला, तो तन्वीच्या टाचेला जेमतेम चाटून गेला, आणि ती चढाईवाली आपल्या बाजूला परत पळाली. पंचांना दिसलं नाही. बँकवाल्यांना दिसलं नाही. मला दिसलं, कारण ते माझ्या पायाशीच घडलं. आणि माझ्या कानाशी काका पुटपुटले,

"हात खाली ठेव गो चेडवा. कोणी बघूक नाय."

मी वळून बघितलं. काकांनी डोळे मिटले होते.

तन्वीने हात वर केला. सामना गेला, आणि बँकवाल्यांनी दुसऱ्याच मुलीचं नाव लिहून घेतलं. लोक मात्र उभे राहून तन्वीसाठी टाळ्या वाजवत होते. मला कळेना, टाळ्या वाजवाव्यात की कपाळाला हात लावावा. शेजारी बघतो तर काका नाहीत.

ते मैदानाच्या फाटकाबाहेर एकटेच उभे होते, हात वर करून. तन्वी धापा टाकत आली, "आजोबा, काय झालं?"

"मी आउट," काका म्हणाले. "तुका लागला, तेव्हा मी म्हटलंय, हात खाली ठेव." आणि रडायला लागले. गर्दीत लपून गेलं असतं ते. मी तर मेलो तरी बोललो नसतो.

तन्वीने त्यांचा वर केलेला हात धरून खाली आणला.

"मी केला ना वर? तो आपला पॉइंट," ती म्हणाली. "तू जिवंत. चल आत."