साहेबांच्या सहीचा समुद्र

"लोक येत नाहीत म्हणजे काय? बोलवायची पद्धत असते!" नकाशेरावांनी सकाळीच बायकोला ठणकावून सांगितलं.

नियोजन कचेरीत नकाशे काढायचे म्हणून सगळे त्यांना नकाशेरावच म्हणत. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या होत्या आणि त्या नेमक्या कुठे, हे लोकांना विचारून ठरवायचं होतं. मागच्या सभेला एकच माणूस आला होता, तोही पंख्याखाली झोपायला! या खेपेलाही लोक बोलले नाहीत, तर नकाशेरावांची हंगामी नोकरी कायम होणार नव्हती. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

नकाशेरावांनी कंबर कसली. सभागृहातल्या मोठ्या टेबलावर साहेबांच्या सहीचा समुद्राचा नकाशा अंथरला. टाचण्यांवर कागदी भिरभिरी बसवली. ज्याला जिथे चक्की हवी, त्याने तिथे टोचावी! खुर्च्या भरायला सासरेबुवांनाही आणून बसवलं. मग स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन त्यांनी चहाचा कप टेकवला, तो नेमका एका टाचणीवर! कप कलंडला आणि निळ्याशार समुद्रात, किनाऱ्याच्या जरा पुढे, चहा पसरला.

रुमाल झाला, बाही झाली, टायसुद्धा झाला. पुसावा तसा डाग आणखीच ठसठशीत! तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आत आले आणि नकाशावर वाकले.

"हे बेट कुठलं?"

नकाशेरावांनी चहाने भिजलेला रुमाल खिशात कोंबला. सहीच्या नकाशावर चहा सांडला म्हणावं, तर नोकरी आत्ताच गेली!

"असू दे, माहीत आहे मला," अध्यक्ष म्हणाले. "आमची जाळी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाळतात. चक्क्या तिथे चालणार नाहीत!"

"जाळी?" मागोमाग आलेल्या हॉटेलवाल्या बाई कडाडल्या. "अहो, सूर्य रोज त्या बेटामागे मावळतो! गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते त्यासाठीच!"

"मी ते फळ्यावर काढून शिकवलंय," भूगोलाचे निवृत्त मास्तर म्हणाले. त्यांच्याबरोबर आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या.

सरकार बेट गिळायला निघालंय, ही बातमी बाहेर पोचली आणि गर्दी लोटली. चहाचा एक ओघळ खाली उतरला होता. तो धक्का की पूल, यावरून दोन तट पडले. पक्षीमित्रांनी तिथल्या तपकिरी पक्ष्यांसाठी उपोषणाची धमकी दिली. भिरभिऱ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहीना!

नकाशेराव घाईघाईने सासऱ्यांच्या कानाशी लागले. "बाबा, अहो तो चहा आहे! तुमच्यासमोरच सांडला ना!"

"जावईबापू, तुम्ही गप्प बसा. तरुणपणी मी पोहत गेलोय तिथे."

"अहो, पण..."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

नकाशेरावांनी हात जोडले.

साहेब आले आणि दारातच थबकले. एवढे लोक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. त्यांना अक्षरशः गहिवरून आलं. त्यांच्यासमोर एकमताने ठराव झाला: चक्क्या कुठेही उभारा, बेटाला हात लावायचा नाही!

नकाशेरावांना राहवेना. जाते तर जाऊ दे नोकरी! छातीवर दगड ठेवून ते ओरडले, "साहेब, खरं सांगतो, तिथे काहीच नाही हो!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मग अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली.

"ऐकलंत? यांचाच माणूस सांगतोय! इतकी वर्षं तिथे काहीच केलं नाही यांनी! ना रस्ता, ना दिवे, ना पाणी!"

"शरम वाटली पाहिजे!" हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या.

साहेब खजील झाले. त्यांनी नकाशेरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "सरकारात असून खरं बोललात! तुमची नोकरी आजपासून कायम. बेट विकास अधिकारी! सोमवारपासून मुक्काम तिथेच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सासरेबुवा वाजवत होते.

संध्याकाळी नकाशेरावांनी पडेल आवाजात बायकोला बातमी दिली. ती आनंदाने उडालीच! लगेच माळ्यावरची बॅग काढायला लागली.

"अगं, बॅग कसली भरतेस? तिथे जायला साधी होडीसुद्धा नाही!"

"नाहीच मिळायची," ती बॅग झटकत म्हणाली. "म्हणून तर बाबा उद्या पहाटे तुम्हाला पोहायला शिकवणार आहेत. अंतर काही फार नाही म्हणाले."